डोंगरवाटेवरचे पादत्राण : सुखावह जोड्याच्या निवडीचा इतिहास

प्रास्ताविक

'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण मराठी समाजाने पादत्राणाला कोणते स्थान दिले होते हे पुरेसे स्पष्ट करते. वहाण, पायताण, जोडा, चढाव, पायपोस, खडावा असे शब्दवैभव भाषेत असूनही इतिहासलेखनात या वस्तूची दखल क्वचितच घेतली जाते. पगडी, अंगरखा, तलवार यांवर ग्रंथ लिहिले गेले. ज्या वस्तूवर माणूस उभा राहिला ती मात्र उंबऱ्याबाहेर राहिली.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका शैक्षणिक सहलीमुळे. काही वर्षांपूर्वी इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही गुंजवणे गावातून राजगडावर गेलो होतो. एका विद्यार्थ्याने या सहलीसाठी मुद्दाम उंच घोट्याचे, जाड कातड्याचे, महागडे बूट विकत घेतले होते. उतरताना त्याच्या दोन्ही टाचांना फोड आले आणि अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली. शेवटचा टप्पा त्याने अनवाणी, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून पार केला. आमच्याबरोबर वाट दाखविण्यास आलेला गावातील तरुण टायरच्या तळाची चप्पल घालून पुढे जात होता व मधूनमधून थांबून मागे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. 'साहेब, बूट चांगले आहेत, पण ह्यांच्या पायाचे नाहीत,' एवढेच तो म्हणाला.

हे वाक्य प्रस्तुत लेखाचा विषय आहे. डोंगरात चालण्यासाठी व रानात मुक्काम करण्यासाठी सुखावह पादत्राण कोणते, हा प्रश्न आज दुकानदार सोडवितो. परंतु आज दुकानात मांडलेल्या जोड्याचा प्रत्येक भाग, म्हणजे तळ, टाच, घोट्याची उंची, पुढची रुंदी, कोणत्या तरी विशिष्ट भूमीवर, कोणाच्या तरी विशिष्ट पावलासाठी आणि बहुधा एखाद्या अपघातानंतर घडला आहे. ज्याचे पाऊल मोजले गेले त्याला सुख मिळाले. ज्याचे मोजले गेले नाही त्याने दुसऱ्याच्या मापाचा जोडा घातला आणि त्याची किंमत स्वतःच्या बोटांनी चुकविली. पर्वतारोहणाच्या इतिहासात ही किंमत चुकविणारे बहुतांशी ओझे वाहणारे लोक होते.

पावलाचे माप

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पुष्कळसे जोडे सरळ साच्यावर शिवले जात. त्यांत डावा-उजवा भेद नसे; वापरून वापरून ज्या पायाचा जो जोडा त्या पायाला तो बसे. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस कॅम्पर याने १७८१ मध्ये उत्तम जोड्याच्या आकारावर एक प्रबंध लिहिला. घोडे, खेचरे, बैल यांच्या खुरांची काळजी विद्वानांनी युगानुयुगे वाहिली, माणसाच्या पायाकडे मात्र कोणी पाहिले नाही, अशी खंत त्याने त्यात व्यक्त केली आहे. झुरिच येथील गेओर्ग हेरमान फॉन मायर याने १८५८ मध्ये हाच विचार भूमितीच्या आधारे मांडला. निरोगी पावलात अंगठ्याच्या मध्यातून मागे ओढलेली रेषा टाचेच्या मध्यातून जाते. टोकदार, दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता जोडा या रेषेला वाकवितो आणि अंगठा इतर बोटांवर ढकलतो.

या शास्त्राचा व्यापक उपयोग प्रथम केला तो लष्कराने, कारण फोड आलेला सैनिक हा लष्कराच्या हिशेबात एक बंदूक कमी असा असतो. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक एडवर्ड मन्सन याच्या नेतृत्वाखालील मंडळाने सुमारे २००० सैनिकांच्या पावलांचा अभ्यास केला व १९१२ मध्ये त्यावर आधारित नवा साचा लष्करात लागू झाला. त्याबरोबर निघालेला आदेश आजही विचारात घेण्यासारखा आहे. सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलोंचे, ओझे द्यावे. त्याने सर्व भार एका पावलावर घ्यावा. आणि त्या स्थितीत पसरलेल्या पावलाचे माप घ्यावे. बसलेल्या माणसाचे पाऊल आणि ओझे घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे पाऊल ही दोन वेगळी पावले आहेत, हे यात शासकीय पातळीवर मान्य झाले. आपण आजही दुकानातील गादीच्या बाकावर बसून, सकाळच्या वेळी, पातळ मोजे घालून बूट निवडतो आणि नंतर दिवसभर चालून सुजलेल्या पावलाने, जाड मोज्यांसह, दहा किलोंची पिशवी पाठीवर घेऊन गड उतरतो. आमच्या विद्यार्थ्याची नखे काळी पडण्याचे कारण याहून वेगळे नव्हते. उतारावर पाऊल जोड्यात पुढे सरकते. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा नसेल किंवा घोट्याजवळची नाडी सैल असेल, तर प्रत्येक पावलागणिक नख भिंतीवर आदळते.

फोडांचेही असेच आहे. नेलर या ब्रिटिश संशोधकाने १९५५ मध्ये घर्षणाने येणाऱ्या फोडांवर प्रयोग केले. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली त्वचा तुलनेने कमी घासते. घामाने ओलसर झालेली त्वचा सर्वाधिक घासते. सुती मोजा घाम धरून ठेवतो. त्यामुळे जोड्याइतकाच मोजा महत्त्वाचा, ही गोष्ट आपल्याकडे सहलीच्या सूचनापत्रकात अद्याप फारशी आलेली नाही.

खिळ्यांचे युग

आल्प्स पर्वतातील आरोहणाचा प्रारंभकाळ हा खिळे ठोकलेल्या कातडी बुटांचा काळ होता. जाड तळाला लोखंडी खिळ्यांच्या रांगा मारल्या जात. ते बर्फात, चिखलात, ओल्या गवतात रुतत. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर झाले आणि उतरताना चार जणांचा मृत्यू झाला. प्रथम घसरला तो डग्लस हॅडो हा एकोणीस वर्षांचा नवखा तरुण. एडवर्ड व्हिम्परने लिहून ठेवले आहे, की त्या क्षणाच्या अगोदर मार्गदर्शक मिशेल क्रो हा हॅडोचे पाय हातांनी धरून एकेक पाऊल योग्य जागी ठेवून देत होता. दुसऱ्याचे पाऊल सावरणारा हा मार्गदर्शकही त्या चौघांत होता.

पुढे खिळ्यांचेही शास्त्र झाले. जिनिव्हातील फेलिक्स जेनेकाँ या जवाहिऱ्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी कठीण पोलादाचे दातेरी खिळे तयार केले. त्याच्या टोपणनावावरून ते 'ट्रिकूनी' म्हणून प्रसिद्ध झाले. तथापि खिळ्यांत एक मूलभूत दोष होता. लोखंड उष्णता वाहून नेते. अतिउंचीवर प्रत्येक खिळा तळपायातील ऊब बाहेर नेणारी वाट ठरे.

१ मे १९९९ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर उतारावर जॉर्ज मॅलरीचा देह सापडला तेव्हा त्याच्या एका पायात असाच खिळ्यांचा कातडी बूट होता. त्याचा सहकारी अँड्र्यू आयर्विन याच्या देहाचे शतकभर काहीच सापडले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य रोंगबुक हिमनदीवर एक बूट मिळाला. त्यात पाऊल होते, आणि मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर आयर्विनचे नाव होते. ही बातमी जगभर छापली गेली.

त्याच १९२४च्या मोहिमेतील आणखी एका पायांची कथा मात्र कोणाच्या फारशा स्मरणात नाही. मोहिमेबरोबर बूट दुरुस्त करण्यासाठी एक चर्मकार नेमलेला होता. त्याचे नाव मनबहादूर. मे महिन्यातील भीषण थंडीत त्याचे दोन्ही पाय घोट्यांपर्यंत गोठले आणि त्यातच त्याचा अंत झाला. मोहिमेच्या अधिकृत वृत्तान्तात त्याचा उल्लेख सहानुभूतीने आहे, पण तो ओझरता आहे. सर्वांचे जोडे सांधणारा माणूस पायांच्या हिमदंशाने मरण पावला, या गोष्टीवर इतिहासकाराने थोडे थांबावयास हवे, असे मला वाटते. मॅलरी व आयर्विन यांच्या बुटांचे खिळे मोजण्यात शंभर वर्षे गेली; मनबहादूरच्या पायात काय होते हा प्रश्न चर्चेत आलाच नाही.

रबराचा तळ आणि के-२

आज आपण ज्याला 'ट्रेकिंग शूज' म्हणतो त्याचा खोल खाचांचा रबरी तळ इटलीतील एका दुर्घटनेतून जन्माला आला. व्हिताले ब्रामानी हा मिलान शहरातील गिर्यारोहक. १९३५ मध्ये पुंता राझिका या शिखरावर त्याच्या बरोबरच्या आरोहकांना वादळाने गाठले. कोरड्या खडकावर खिळ्यांचे जड बूट अडचणीचे होतात, म्हणून ते खाली ठेवून हलके जोडे घालून चढण्याची तेव्हा रीत होती. हवामान पालटले, खडकावर बर्फ जमले आणि त्या हलक्या जोड्यांत ना पकड राहिली ना ऊब. सहा जण दगावले. खडक आणि बर्फ या दोहोंवर चालेल असा एकच तळ हवा, या ध्यासाने ब्रामानीने व्हल्कनाइज केलेल्या रबराचा तळ घडविला, पिरेली कंपनीचे साह्य मिळविले आणि १९३७ मध्ये त्याचे एकस्व घेतले. खोल चौकोनी खाचांमुळे त्याला इटालियन भाषेत 'रणगाडा' या अर्थाचे नाव पडले. 'व्हिब्राम' हे व्यापारी नाव ब्रामानीच्या नावाचेच संक्षिप्त रूप होय. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधल्यानंतर सुमारे शतकाने रबर पर्वतावर पोहोचले.

या तळाची कीर्ती जगभर झाली ती १९५४च्या इटालियन के-२ मोहिमेमुळे. ३१ जुलै १९५४ रोजी आकिल्ले कोम्पान्योनी व लिनो लाचेदेल्ली यांनी जगातील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर गाठले. पादत्राणांच्या इतिहासात ही घटना यशोगाथा म्हणून सांगितली जाते. ती अर्धी आहे.

शिखरावर जाणाऱ्या दोघांसाठी प्राणवायूची नळकांडी वर पोहोचविण्याचे काम आदल्या दिवशी वॉल्टर बोनाती आणि हुंझा खोऱ्यातील भारवाहक आमिर मेहदी या दोघांनी केले. ठरलेल्या जागी तंबू नव्हता. अंधार पडला आणि दोघांना सुमारे ८१०० मीटर उंचीवर, तंबूविना, उघड्या बर्फात रात्र काढावी लागली. बोनाती धडधाकट वाचला. मेहदीच्या पायांची सर्व बोटे कापावी लागली. त्याच्या पायात अतिउंचीसाठी बनविलेले बूट नव्हते. साधे लष्करी बूट होते आणि तेही त्याच्या मापाहून लहान होते, असे नंतरच्या वृत्तान्तांत आले आहे. घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि हिमदंश लवकर होतो, हे वैद्यकशास्त्र तेव्हाही जाणत होते. त्या रात्रीबद्दलचा बोनातीचा दावा मान्य करण्यास इटालियन अल्पाइन क्लबला अर्धशतक लागले. मेहदी आपल्या गावी परतला, पुन्हा कधी मोठ्या मोहिमेवर गेला नाही आणि १९९९ मध्ये निवर्तला. ज्या मोहिमेने नव्या तळाचे माहात्म्य सिद्ध केले त्याच मोहिमेत मापाचा बूट न मिळालेल्या माणसाने बोटे गमावली, हे दोन्ही एकाच वाक्यात सांगितल्याखेरीज या शोधाचा इतिहास पुरा होत नाही.

एक वर्ष आधीच्या एव्हरेस्ट मोहिमेत चित्र थोडे वेगळे होते. १९५० मध्ये अन्नपूर्णा शिखरावरून परतलेल्या मोरिस एर्झोग व लुई लाशनाल यांनी पायांची बोटे गमावली होती आणि तो धडा ताजा होता. जॉन हंट यांच्या मोहिमेसाठी ब्रिटनमधील पादत्राण-संशोधन संस्थेने हलके व उष्णतारोधक बूट खास तयार केले. तेनसिंग नोर्गे यांनी मात्र शिखरदिनी घातले ते आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतील बूट. २८ मे १९५३च्या रात्री हिलरींनी झोपताना बूट काढून ठेवले. सकाळी ते दगडासारखे गोठलेले होते आणि स्टोव्हवर धरून मऊ करण्यात अमूल्य वेळ गेला. तेनसिंग बूट पायातच ठेवून झोपले होते. अनुभवी माणसाची ही निवड कोणत्याही प्रयोगशाळेत झालेली नव्हती.

आपल्या देशाने हा धडा महागात शिकला. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू खोऱ्यात पाठविलेल्या भारतीय जवानांपैकी अनेकांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी 'हिमालयन ब्लंडर' या १९६९च्या ग्रंथात त्याची वेदनादायक हकीकत नोंदविली आहे. कॅनव्हासचा बूट वाईट नव्हे. तो मैदानावरचा बूट होता.

उलट उदाहरणेही आहेत. ब्रिटिश काळात वायव्य सरहद्दीवरील स्काउट दलांनी लष्करी बुटांऐवजी स्थानिक पठाणी चप्पल स्वीकारली व तिच्या तळाला खिळे मारून घेतले, कारण त्या खडकाळ टेकड्यांवर चपळाईने फिरण्यास ती सोयीची होती. अमेरिकेत १९५५ मध्ये एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या स्त्रीने अपालाचियन वाटेचे तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कॅनव्हासच्या साध्या जोड्यांनी १४६ दिवसांत एकटीने पार केले. पुढे १९८०च्या दशकात लष्करी संशोधकांनी प्रयोगांतून दाखविले, की पायावरचे एक किलो वजन चालणाऱ्याला पाठीवरच्या सुमारे पाच-सहा किलोंइतके थकविते. जड बूट म्हणजे भक्कम बूट ही समजूत त्यानंतर हळूहळू ढासळू लागली.

सह्याद्रीचा कातळ

हे सारे बूट ज्या भूमीसाठी घडले ती भूमी सह्याद्रीची नव्हे, ही साधी गोष्ट आपण विसरतो. येथे हिमनद्या नाहीत. येथे बेसाल्टचा कातळ आहे, त्यावर मुरमाचा घसारा आहे, हिवाळ्यात वाळलेले निसरडे गवत आहे आणि पावसाळ्यात प्रत्येक पायरीवर शेवाळ आहे. कठीण रबराच्या खोल खाचा मातीत व बर्फात रुततात. गुळगुळीत ओल्या कातळावर त्या खाचांची फक्त टोके टेकतात आणि पाय सरकतो. कातळावर चिकटतो तो मऊ रबराचा, पसरट टेकणारा तळ. तो लवकर झिजतो हे खरे, परंतु तो झिजतो याचाच अर्थ तो कातळाला धरतो. शेवाळापुढे मात्र कोणत्याच तळाचे फारसे चालत नाही; तेथे वाट बदलणे हाच उपाय.

जलरोधक पडद्याच्या बुटांचेही तसेच. १९८०च्या सुमारास असे बूट बाजारात येऊ लागले आणि थंड, कोरड्या प्रदेशांत ते उपयुक्त ठरले. जुलैमध्ये ओढा ओलांडताना पाणी वरून, घोट्यापाशी आत शिरते. जो पडदा बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही तोच आतले बाहेर जाऊ देत नाही. कोकणच्या दमट हवेत असा बूट दिवसेंदिवस वाळत नाही. पावसाळी भटकंतीला जाळीदार, पाणी वाहून जाईल असा हलका जोडा अधिक सुखाचा, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. उंच घोट्याच्या बुटाने पाय मुरगळणे हमखास टळते, हेही अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. घोट्याला खरा आधार स्नायूंचा आणि सावध पावलाचा.

महाराष्ट्रात संघटित गिर्यारोहणाची सुरुवात १९५०च्या दशकात झाली. मुंबईची 'गिरिविहार' संस्था १९५४ मधली. परदेशी बूट सामान्य मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्याबाहेर होते. त्या पिढ्यांनी सह्याद्री पालथा घातला तो कॅनव्हासच्या 'हंटर' बुटांवर. त्याचा रबरी तळ पातळ होता, दगड टोचत. पण तो हलका होता, ओढ्यातून काढला की वाळत असे आणि स्वस्त होता. पुढे देशी बनावटीचे स्वस्त ट्रेकिंग शूज आले आणि मागील दोन दशकांत परदेशी दुकानांची साखळीही. आज निवडीला वाव आहे. तो नव्हता तेव्हाचे लोक भूमीकडे पाहून निवडत; आज आपण फळीवर मांडलेल्या मालाकडे पाहून निवडतो.

या भूमीचे स्वतःचे पादत्राण म्हणजे कोल्हापुरी व तिच्या जातकुळीतील जाड वहाणा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याविना, कातडी वादीनेच घातलेली शिवण. कागल तालुक्यातील कापशी गावाच्या नावाने तिचा एक प्रकार ओळखला जातो. नवी वहाण पायाला लागते. तेल पाजून, वापरून ती पावलाचा आकार घेते. मन्सनने साच्याने जे साधले ते येथे काळाने साधत असे. टाचेला पट्टा नसल्याने तीव्र उतारावर तिच्या मर्यादा उघड होतात. परंतु पठारावरील व माळावरील लांब चालीसाठी उघडे, हवा खेळते पादत्राण हे या हवामानाचेच उत्तर होते.

येथेही घडविणारा आणि घालणारा यांच्यातील अंतर होतेच, आणि ते आल्प्समधील अंतराहून कठोर होते. कातडे कमावणारा ढोर व जोडा शिवणारा चांभार समाज अस्पृश्य मानला गेला. अनेक गावांत अस्पृश्यांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा पायातून काढून हातात घ्याव्या लागत. कोणत्या जमिनीवर कोणते पादत्राण सोयीचे हा प्रश्न विचारण्यापूर्वी, ते घालण्याची मुभा कोणाला, हा प्रश्न या समाजाने निकालात काढलेला होता. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या नावे कोल्हापुरीच्या भौगोलिक उपदर्शनाची नोंद जाहीर झाली. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात तशाच वहाणा मूळ न सांगता मांडल्या गेल्या आणि टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. ब्रामानीचे शहरही मिलानच. त्याने आपल्या तळाचे एकस्व घेतले होते; कापशीच्या कारागिराला ती वाट कोणी दाखविली नाही.

मुक्कामाची वहाण

रानातील मुक्कामाचा विचार वेगळा करावयास हवा, कारण तेथे पादत्राणाचे काम चालणे संपल्यावर सुरू होते. दिवसभर बुटात कोंडलेल्या पावलाला सायंकाळी मोकळे करणे आवश्यक. म्हणून पिशवीत एक हलकी चप्पल असावी. परंतु अंधार पडल्यावर तीच चप्पल धोक्याची ठरते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतील बहुसंख्य लोक ग्रामीण होते, आणि दंश बहुधा पायाला होतो. रात्री तंबूबाहेर पडताना विजेरी आणि बंद जोडा या दोन्ही गोष्टी हव्यात.

सकाळी बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकण्याची सवय कोकणात आजीआजोबा लावत. त्यामागे लाल विंचवाचा अनुभव होता. रायगडच्या पायथ्याजवळ महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच विंचवाच्या दंशावर आयुष्यभर संशोधन केले आणि प्राझोसिन या औषधाने मृत्यूचे प्रमाण घटविता येते हे दाखविले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध उपलब्ध असले तरी बूट झटकण्यास दोन क्षण पुरतात.

राजगडच्या त्या सहलीनंतर आमच्या विभागाने दोन गोष्टी सुरू केल्या. सहलीच्या दोन आठवडे आधी विद्यार्थ्यांनी आपले जोडे व भरलेली पिशवी घेऊन सायंकाळी महाविद्यालयाचे चार मजले तीन वेळा चढून उतरावयाचे. ज्याचे नख टोचते, टाच उचलली जाते, त्याला तेथेच कळते. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांनी दिलेले वापरण्याजोगे बूट एका कपाटात जमविणे, म्हणजे ज्याला घेणे परवडत नाही त्याने निमूटपणे मापाचा जोडा उचलावा. पहिली योजना उत्तम चालली.

दुसरीत एक घोटाळा झाला. दोन पावसाळे कपाट बंद राहिले. उघडून वाटप केले तेव्हा बूट वरून अगदी नवे दिसत होते. मजल्यांच्या चाचणीत दुसऱ्याच फेरीला एका मुलीच्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला आणि आतून पिवळसर भुगा जिन्यावर सांडला. बुटांच्या मधल्या थरातील पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने हळूहळू कुजते. न वापरता ठेवलेला बूट त्यापासून वाचत नाही. गडावर न होता हे जिन्यावर झाले, हे आमचे सुदैव. आता त्या कपाटातील प्रत्येक जोड्यावर मापाबरोबर तो मिळाल्याचे वर्ष लिहिलेले असते, आणि दर महिन्याला कोणी ना कोणी तो घालून आवारात एक फेरी मारून येतो.